किमोनंतरचं ‘काउंटचं इंजेक्शन’: चिठ्ठीपासून सुईपर्यंत आणि त्यापुढचे दहा-बारा दिवस

“काउंट वाढवायचं इंजेक्शन द्या,” असं म्हणत कुणी चिठ्ठी पुढे केली, की औषध काढण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो. किमो नेमकी किती वाजता संपली? आणि घरी पोचायला किती तास लागणार? कर्करोग रुग्णालयाजवळच्या मेडिकलमध्ये बसणाऱ्या माणसाची ही सवयच होऊन जाते. काही नातेवाइकांना वाटतं, दुकानदार उगाच चौकश्या करतोय. पण किमोने घटलेल्या पांढऱ्या पेशी वाढवणारं हे फिलग्रास्टिमचं इंजेक्शन वेळेआधी टोचलं किंवा वाटेत गोठलं तर पैसे वाया जातातच, शिवाय पेशी तळाला गेलेल्या असतात त्या नेमक्या दिवसांत रुग्णाला त्याचा आधार मिळत नाही.

इंजेक्शन द्यायचं की नाही, किती आणि किती दिवस, हे तुमचे कर्करोगतज्ज्ञ ठरवतील. त्यांनी ठरवल्यानंतर घरच्यांच्या वाट्याला जे काम येतं, ते इथे सांगतो.

कोणत्या पेशी, कोणता आकडा

किमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. अस्थिमज्जेत रोज नव्याने तयार होणाऱ्या रक्तपेशीही त्यात सापडतात. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल या जीवाणूंशी पहिली झुंज देणाऱ्या पेशी. रक्तात त्यांचं आयुष्य काही तासांचं असतं, त्यामुळे नवा पुरवठा थांबला की त्यांचा आकडा सर्वांत आधी कोसळतो. बहुतेक किमोंमध्ये तो साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान तळ गाठतो आणि मग हळूहळू वर येतो.

रिपोर्टमध्ये सगळे जण एकूण पांढऱ्या पेशींचा, म्हणजे टीएलसीचा आकडा बघतात. कामाचा आकडा वेगळा आहे: एएनसी, म्हणजे प्रत्यक्ष न्यूट्रोफिल किती. रिपोर्टवर तो छापलेला नसेल तर स्वतः काढा. टीएलसी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले १००. टीएलसी १८०० आणि न्यूट्रोफिल २२ टक्के असतील तर एएनसी झाली ३९६. १५०० च्या खाली कमी, १००० च्या खाली बरीच कमी आणि ५०० च्या खाली धोक्याची. म्हणजे वरच्या उदाहरणातला रुग्ण १८०० च्या आकड्यावर समाधान मानून लग्नाला गेला, तर ते महागात पडू शकतं.

जी-सीएसएफ हे आपल्या शरीरात मुळातच असलेलं प्रथिन. अस्थिमज्जेला ‘न्यूट्रोफिल बनव’ असा निरोप देणारं. फिलग्रास्टिम हे त्याचं प्रयोगशाळेत जीवाणूंकडून बनवून घेतलेलं रूप. अमेरिकेत त्याला १९९१ मध्ये मंजुरी मिळाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २०१५ पासून आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. काउंट कमी आला, म्हणजे इंजेक्शन हवंच असं नाही. ताप नसेल, रुग्ण ठणठणीत असेल, तर नुसता आकडा पाहून इंजेक्शन देण्याची शिफारस सहसा केली जात नाही. आकडा आपोआप वर येतो. या औषधाचा खरा उपयोग आधीच, प्रतिबंधासाठी होतो. ज्या किमोमध्ये काउंट कमी होऊन ताप येण्याची शक्यता २० टक्क्यांहून जास्त असते, तिथे पहिल्या खेपेपासून ते देतात. शक्यता १० ते २० टक्के असेल तर वय ६५ च्या पुढे आहे का, आधीच्या खेपेला असा ताप आला होता का, इतर आजार कोणते, हे बघून ठरवतात. “शेजारच्या बेडला दिलं, आम्हाला का नाही?” याचं उत्तर बहुतेक वेळा दोघांची किमो वेगळी, एवढंच असतं.

चिठ्ठी वाचताना ‘पेग’ शोधा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. साधं फिलग्रास्टिम रोज घ्यावं लागतं, कारण शरीरातून ते काही तासांत निघून जातं. डोस वजनावर ठरतो: किलोमागे ५ मायक्रोग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाचा हिशोब २५० येतो, पण बाजारात ३०० मायक्रोग्रॅमची कुपी किंवा भरलेली सिरिंज मिळते, म्हणून डॉक्टर बहुधा आकडा तिथे नेऊन बसवतात. किती दिवस घ्यायचं ते काउंटवर ठरतं. अनेक ठिकाणी पाच-सात दिवस चालतं, काहींना त्याहून जास्त लागतं.

दुसरा प्रकार पेगफिलग्रास्टिम. याला जोडलेल्या एका लांब रेणूमुळे ते मूत्रपिंडातून लवकर बाहेर पडत नाही. ते शरीरातून काढून टाकण्याचं काम मुख्यतः न्यूट्रोफिलच करतात. न्यूट्रोफिल कमी असेपर्यंत औषध टिकतं, ते वाढले की संपतं. म्हणून मोठ्यांना एका खेपेला ६ मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन पुरतं. लहान मुलांचा डोस वेगळा असतो. ४५ किलोच्या आतल्या मुलाला मोठ्यांची पूर्ण सिरिंज चालत नाही.

आता सावध राहायची जागा. कंपन्या दोन्ही प्रकारांना मिळतीजुळती नावं देतात: ग्राफील आणि पेग-ग्राफील, न्यूकाइन आणि न्यूपेग. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम हा फरकही खोक्यावर बारीक अक्षरात असतो. रोज घ्यायचं आणि एकदाच घ्यायचं यांत गोंधळ झाला तर भलतंच होऊन बसेल. म्हणून खोकं हातात आल्यावर तिथेच, काउंटरवर उभं राहून, चिठ्ठीवरचं नाव, ‘पेग’ आहे की नाही, आकडा आणि एकक जुळवा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

पैशांचं म्हणाल तर छापील किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत या औषधांमध्ये मोठी तफावत असते. घासाघीस करायला लाजू नका, आणि रुग्णालयाच्या स्वतःच्या औषधालयात आधी विचारा. रोजची इंजेक्शनं स्वस्त दिसतात, पण टोचणाऱ्याची फी, रोजचा प्रवास आणि बुडालेला रोजगार धरला तर एकाच इंजेक्शनाचा हिशोब कधी कधी बरा पडतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून किमो चालू असेल तर हे इंजेक्शन त्या पॅकेजमध्ये धरलंय का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किमोच्या आधी विचारून घ्या. बिल झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

चोवीस तास म्हणजे चोवीस तासच

दोन्ही प्रकारांना हा नियम लागू आहे: किमो संपल्यापासून किमान २४ तास इंजेक्शन नाही. हे औषध अस्थिमज्जेतल्या पेशींना भराभर विभाजित व्हायला लावतं, आणि किमो विभाजित होणाऱ्या पेशींवरच तुटून पडते. किमोचा जोर ओसरायच्या आत पेशींना कामाला लावलं तर त्या आणखी मरतात.

सोमवारी दुपारी दोनला सलाईन संपलं, तर इंजेक्शन मंगळवारी दुपारी दोनच्या आधी नाही. ‘उद्या सकाळी सिस्टर येणार आहे, तेव्हाच टोचून घेऊ’ हे चालत नाही. ज्यांना किमोचा ४६ तासांचा पंप लावून घरी पाठवतात, त्यांनी तास मोजायचे ते पंप संपून काढल्यापासून. सामान्यतः २४ ते ७२ तासांच्या दरम्यान इंजेक्शन सुरू होतं.

पुढची खेपही डोळ्यांसमोर ठेवा. पेगचं इंजेक्शन आणि पुढची किमो यांत किमान १४ दिवस हवेत. साधं फिलग्रास्टिम पुढच्या किमोच्या आधीच्या २४ तासांत घ्यायचं नाही. एखादा डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम टोचू नका. डे-केअरला, म्हणजे जिथे किमो घेतली त्या विभागाला, फोन करून विचारा.

अमेरिकेतल्या मराठी घरांतून कधी कधी विचारणा होते ती दंडावर किंवा पोटावर चिकटवायच्या छोट्या यंत्राबद्दल. किमोच्या दिवशीच ते लावून घरी पाठवतात. साधारण २७ तासांनी ते आपणहून औषध सोडायला लागतं आणि पाऊण तासात काम संपवतं. दुसऱ्या दिवशीचा हेलपाटा वाचतो. औषध तेच पेगफिलग्रास्टिम, नियमही तोच.

थंड ठेवायचं, पण गोठवायचं नाही

२ ते ८ अंश सेल्सिअस. उष्णतेची धास्ती सगळ्यांनाच असते, गोठण्याची कुणालाच नसते, आणि माझ्या पाहण्यात इंजेक्शन वाया जातं ते बर्फामुळेच जास्त. लोक काळजीने प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ भरतात आणि खोकं त्यात खुपसतात. प्रथिन गोठलं की ते वितळवून पुन्हा वापरायची चाल धरू नका. टाकून द्या.

दुकानातून जेल पॅक मागून घ्या. खोकं वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळा, जेल पॅकही फडक्यात गुंडाळा, आणि दोन्ही थर्मोकोलच्या डब्यात किंवा रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवा. दोघांचा थेट स्पर्श नको. एसटीने जाणार असाल तर डबा डिकीत टाकू नका, मांडीवर घ्या. मे महिन्यात पार्क केलेल्या गाडीत पाच मिनिटंही सोडू नका.

घरच्या फ्रिजमध्ये दाराचा कप्पा नको (सारखी उघडझाप), फ्रीझरच्या लगतचा ट्रे नको, आणि मागच्या भिंतीला टेकवूनही नको. जुन्या एका दाराच्या फ्रिजमध्ये तिथे रात्रीत बर्फ धरतो. मधल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, मूळ खोक्यासकट ठेवा, कारण उजेडही त्याला सोसत नाही. वीज गेली तर फ्रिज उघडू नका. दोन-चार तास काही बिघडत नाही. बाहेर किती तास चालतं हे प्रत्येक ब्रँडचं वेगळं असतं आणि ते खोक्यातल्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. शेजारणीच्या ब्रँडचा नियम आपल्याला लावू नका.

फ्रिजच नसेल तर? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरून टाटा रुग्णालयात उपचार घेणारे असे कितीतरी जण असतात. त्यांनी इंजेक्शनं एकदम उचलू नयेत. ज्या दुकानातून घेतली तिथेच ठेवायला सांगा आणि रोज एक न्या, किंवा डे-केअरमध्येच टोचून घ्यायची सोय विचारा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

टोचायचं कसं

पहिलं इंजेक्शन सिस्टरसमोर द्या आणि पुढची घरी, ही रीत उत्तम. इन्सुलिन टोचणाऱ्या घरांत हे फारसं अवघड जात नाही. गावातल्या डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून घेणार असाल तर ‘त्वचेखाली’ हा शब्द चिठ्ठीवर ठळक लिहून आणा. कमरेत, स्नायूत टोचायची सवय असलेले हात असतात, आणि किमोनंतर रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेटही कमी असू शकतात. स्नायूत खोल टोचलं तर आत रक्त साकळतं.

१. टोचण्याआधी अर्धा तास खोकं फ्रिजबाहेर काढून ठेवा. थंड औषध जास्त चुरचुरतं. गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवून घाई करायची नाही.

२. मुदतीची तारीख पाहा. सिरिंज उजेडासमोर धरा: औषध पाण्यासारखं नितळ, बिनरंगी हवं. गढूळ असेल किंवा कण तरंगत असतील तर वापरू नका. हलवू नका, हलवल्याने फेस येतो आणि प्रथिन बिघडतं.

३. साबणाने हात धुवा, पुसून कोरडे करा. जागा निवडा: बेंबीपासून दोन इंच सोडून पोट, मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, किंवा दुसरं कुणी टोचणार असेल तर दंडाची मागची बाजू. काल जिथे टोचलं तिथे आज नको. लाल, सुजलेली, व्रणाची जागा नको.

४. स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका. ओलं असताना टोचलं तर झोंबतं.

५. सुईचं टोपण सरळ ओढा. काही ब्रँडच्या टोपणात रबर असतं, त्यामुळे लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. कातडीची चिमूट धरा, ४५ ते ९० अंशांत सुई एका दमात आत घाला, औषध सावकाश सोडा. सुई बाहेर काढा, मग चिमूट सोडा.

६. कापसाने हलकं दाबा, चोळू नका. कॅलेंडरवर तारीख, वेळ, बाजू लिहा.

कुपीतून पूर्ण डोस लागला नाही तर उरलेलं उद्यासाठी ठेवू नका. त्यात जंतू रोखणारा घटक नसतो.

वापरलेली सुई घंटागाडीत टाकणं म्हणजे सफाई कामगाराच्या हातात सुई टोचणं. जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या बरणीत गोळा करा आणि पुढच्या खेपेला रुग्णालयात द्या. सुईवर टोपण परत बसवायला जाऊ नका.

हाडं दुखतात, आणि कधी कधी वेगळंच काही

एक-दोन दिवसांत कंबर, मांड्या, खुबे, छातीचं हाड ठणकायला लागतं. अस्थिमज्जा जिथे जास्त, तिथे दुखणं जास्त. काहींना नुसतं अंग मोडून आल्यासारखं वाटतं, काहींना रात्रभर कुशीवर वळता येत नाही. दोन-चार दिवसांत ते उतरतं. यासाठी पॅरासिटामॉल चालतं, पण गोळी घेण्याआधी दर वेळी ताप मोजायचा, कारण ही गोळी ताप झाकते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका; प्लेटलेट कमी असताना रक्तस्रावाचा धोका वाढतो. काही डॉक्टर लोराटाडिन ही ॲलर्जीची गोळी देतात. दुखणं सोसण्यापलीकडचं असेल तर तेही विचारून घ्या.

क्वचित घडणाऱ्या पण घरी थांबू नये अशा गोष्टी: पोटाच्या डाव्या वरच्या भागात किंवा डाव्या खांद्याच्या टोकाशी जोराचं दुखणं (प्लीहा सुजून फाटू शकते), दम लागणं, अंगावर गांधी उठून चेहरा सुजणं, अचानक अंगभर सूज येऊन लघवी कमी होणं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. विदर्भात, गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला हे इंजेक्शन दिलं तर जीवघेणा झटका येऊ शकतो. स्वतःला किंवा भावंडांना सिकलसेल असेल, घरात कुणी वाहक असेल, कधी तपासणी झाली असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा.

ताप: १००.४

इंजेक्शन घेतलं म्हणजे आता काही होणार नाही, हा समज मला सगळ्यांत जास्त घाबरवतो. इंजेक्शनामुळे पेशी तळाला असण्याचे दिवस कमी होतात आणि तापाचा धोका घटतो. तो शून्य होत नाही.

पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिलच. त्याच नसतील तर जखमेत पू धरत नाही, घसा लालभडक होत नाही, छातीच्या एक्स-रेमध्ये डागही स्पष्ट दिसत नाही. जंतू आत पसरत असताना बाहेर दिसणारं एकच लक्षण उरतं, ताप. म्हणून किमोनंतरच्या दिवसांत तापाला ‘हवा बदलली’ म्हणायची सोय नाही.

घरात चालू स्थितीतला डिजिटल थर्मामीटर हवा, शक्यतो रुग्णाचा वेगळा. सकाळ-संध्याकाळ मोजा, आणि कणकण किंवा थंडी वाजली की लगेच. जिभेखाली मोजा, तोंड आलं असेल तर काखेत, पण तिथे आकडा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवा. गुदद्वारातून मोजायचं नाही, एनिमा किंवा सपोझिटरीही (गुदद्वारात ठेवायची गोळी) नाही.

१०१ अंश फॅरनहाइट एकदाही आला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर वैद्यकीय व्याख्येत तो ताप. पण घरी तासभर घड्याळ बघत बसू नका. १००.४ दिसला की फोन उचला आणि निघायची तयारी करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आधी क्रोसिन देऊन बघू, असं करू नका. ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी भरणं, चक्कर, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं ही लक्षणं तितकीच गंभीर. सोबत डेक्सासारखं स्टेरॉईड चालू असेल तर ताप वर येतच नाही कधी कधी.

कॅज्युअल्टीत गेल्यावर रांगेत बसू नका. खिडकीवर हेच वाक्य बोला: “किमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली, ताप आलाय, काउंट कमी असू शकतात.” पोचल्यापासून तासाभरात रक्ताचे नमुने घेऊन शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. सगळे रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी कर्करोगतज्ज्ञांकडून आधीच एक पत्र घेऊन ठेवावं: आजार, किमोचं नाव, तारीख, पोर्ट किंवा पिक लाईन (औषधासाठी शिरेत बसवून ठेवलेली नळी) आहे का, कशाची ॲलर्जी, तापात काय सुरू करायचं आणि फोन नंबर. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असावा. रात्री अपरात्री उघडं असणारं, शिरेतून औषध देऊ शकणारं जवळचं रुग्णालय कोणतं, हे ताप येण्याआधी शोधून ठेवा.

खाणं, पाहुणे आणि रस

पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, गुळवेल. किमो सुरू झाली की सल्ल्यांचा पाऊस पडतो. न्यूट्रोफिल वाढवणारा कोणताही खाद्यपदार्थ नाही. घरी कुंडीत उगवलेल्या गव्हांकुराचा कच्चा रस म्हणजे मातीतले जंतू पोटात. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि किमो चालू असताना यकृतावर वेगळा ताण नकोच.

बाकी फार कडक पथ्याची गरज नसते. ताजं शिजवलेलं, गरम अन्न. उकळलेलं किंवा फिल्टरचं पाणी. फळं धुऊन, साल काढून. बाहेरची चटणी, उसाचा रस, पाणीपुरी काही दिवस नको. खोकणाऱ्या पाहुण्याला दारातूनच नमस्कार. सगळ्यांत कामाची गोष्ट साधी आहे: रुग्णाला हात लावण्याआधी हात धुवा.

मधलाच रिपोर्ट पाहून घाबरू नका

पहिल्या इंजेक्शनानंतर एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशी एकदम उसळतात, कारण अस्थिमज्जेतला साठा बाहेर येतो. मग त्या तळाला जातात आणि नंतर खऱ्या अर्थाने वाढतात. ती पहिली उसळी पाहून ‘काउंट आला, आता उरलेली इंजेक्शनं कशाला’ असं स्वतःच ठरवू नका. उलट टोकाला, टीएलसी ३०,००० आणि खाली ‘मायलोसाइट, बँड’ (अजून पूर्ण न वाढलेल्या पांढऱ्या पेशी) असे शब्द छापून आले की घरात रडारड होते, ल्युकेमिया झाला म्हणून. ताप नसेल तर तो बहुधा इंजेक्शनाचाच परिणाम असतो. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा. साधं फिलग्रास्टिम बंद केल्यावर आकडा एक-दोन दिवसांत निम्म्यावर येतो, तेही अपेक्षितच.

कर्करोग कुठे पसरलाय ते बघायचा पेट (PET) स्कॅन ठरला असेल तर तिथेही इंजेक्शनाची तारीख सांगा. कामाला लागलेली अस्थिमज्जा स्कॅनमध्ये उजळून दिसते आणि कर्करोग हाडांत पसरल्याचा संशय येऊ शकतो.

पुढच्या किमोला जाताना कॅलेंडरच्या पानाचा फोटो, ताप आला असेल तर त्याची तारीख आणि आकडा, आणि इंजेक्शनाची रिकामी खोकी सोबत न्या. खोक्यावर ब्रँड आणि बॅच नंबर असतो. सिस्टरला तो फाइलमध्ये लिहून घ्यायला सांगा. ताप येऊन भरती व्हावं लागलं असेल तर पुढच्या खेपेला इंजेक्शन सुरू करायचं की किमोचा डोस कमी करायचा, हे डॉक्टर त्याच दिवशी सलाईन लावण्याआधी ठरवतात.